राखणदाराची बाटली

माझ्या नवऱ्याची दारू सुटावी म्हणून माझ्या सासूने शिवेवरच्या देवाला दारूचीच बाटली नवसाला बोलली होती. हे मी कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात. मीही हसले असते, पण मला त्याच घरात राहायचं होतं.

देव म्हणजे माझ्या सासरी, मांजर्लीत, नदीकडे उतरताना चिंचेखाली असलेला एक शेंदरी दगड. त्याला राखणदार म्हणतात. आता आजूबाजूला सात-सात मजल्यांच्या सोसायट्या झाल्या आहेत, पण माझ्या सासरच्या आगरी माणसांच्या लेखी गावाची शीव अजून तिथेच आहे आणि ती राखायचं काम अजून त्याच्याकडेच आहे. मोठा पूर आला की सगळ्यांत आधी तोच पाण्याखाली जातो. पाणी ओसरलं की माणसं त्याच्यावरचा गाळ धुतात, नवा शेंदूर लावतात आणि पुन्हा त्याच्याकडेच राखण मागतात. त्याला कोंबडा लागतो आणि बाटली लागते. माझं माहेर देशावरचं, आमच्या देवांचं नारळावर भागायचं, त्यामुळे लग्नानंतर बरीच वर्षं मी त्या चिंचेखाली गेले की पदर नाकाला लावून उभी राहायचे.

नवस फेडायची रीत ठरलेली. भगत देवापुढे धार सोडतो, मग बाटलीतली थोडी पेल्यात ओततो आणि ज्याच्या नावाने नवस बोलला असेल त्याने पहिला घोट घ्यायचा. उरलेली भाऊबंदांत वाटायची. कुणाला मूल झालं, कुणी आजारातून उठलं, कुणाची जमिनीची केस निकाली लागली, सगळ्यांना हाच नियम. दारू सुटली तरी हाच. यात काही चुकतंय असं त्या अख्ख्या भावकीत कुणाला वाटलं नाही.

लग्न झाल्यापासून मी नवऱ्याला अहो-जाहो करते. तोंडाने अजूनही करते. मनात मात्र तो केव्हाच ‘तो’ झाला आहे, म्हणून इथेही तसंच लिहिते.

तो तीन वेळा केंद्रात राहून आला. केंद्र म्हणजे दारू सोडवायचं, अंबरनाथच्या बाहेर डोंगराच्या पायथ्याशी असलेलं एक बैठं घर. मी आनंदनगरच्या एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगला आहे. केंद्राचा रस्ता आमच्या कंपनीवरूनच जातो, त्यामुळे तो आत असला की माझा रविवारही त्याच वाटेवर जायचा. पहिल्यांदा त्याला सोडायला दोन गाड्या भरून माणसं आली होती. सासू, दीर, चुलत दीर, त्यांच्या बायका. फक्त वरातीतला बँजो तेवढा नव्हता. दुसऱ्या वेळी दीर आणि मी. तिसऱ्या वेळी मी एकटीच. तोवर बॅग भरताना मला कुणाला काही विचारावं लागत नव्हतं. नाडीचा लेंगा चालत नाही, इलॅस्टिकचा द्यायचा. सेंट नाही, दाढीनंतर लावायचं ते पाणी नाही, खोकल्याचं औषध नाही. पावडरचा डबा नवा, न फोडलेला. पहिल्या वेळी त्या बॅगेवर डोकं टेकून मी रडले होते. तिसऱ्या वेळी टीव्ही बघता बघता भरली, आणि मनात एवढंच होतं की हा गेला की आज झोप लागेल.

लोकांना वाटतं दारुड्याच्या बायकोला दारू थकवते. दारूची सवय होते हो. थकवते ती आशा. तो बरा होऊन घरी यायचा म्हटलं की मी घर धुऊन काढायचे, पडदे बदलायचे, नवे कप आणायचे. आणि तो आला की रोज संध्याकाळी दारात उभी राहायचे. तो चप्पल काढायला वाकला की हातातली पिशवी घ्यायच्या निमित्ताने त्याच्या तोंडाजवळ तोंड न्यायचं. त्याला कळायचं. त्याला कळतंय हे मला कळायचं. पण वास घेतल्याशिवाय मला स्वयंपाकघरात जाताच यायचं नाही.

केंद्रातले समुपदेशक उल्हासनगरचे सिंधी, साठीकडे झुकलेले. कधीकाळी त्यांचं कपड्याचं दुकान होतं, ते त्यांनी पिऊन घालवलं, हे पहिल्याच भेटीत स्वतःच सांगतात. सगळ्यांना साईं म्हणतात. पेशंटला, डॉक्टरला, दूधवाल्याला. रविवारी पेशंटना भेटायच्या आधी घरच्यांनी बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये बसायचं आणि ते आमची शाळा घ्यायचे. एकदा मला म्हणाले, “भाभीजी, उसका नशा दारू. तुमचा पण एक नशा आहे, मालूम आहे? वास घ्यायचा.” शेडमधल्या बायका हसल्या. मग एकेक करून गप्प झाल्या, कारण ती नशा सगळ्यांनाच होती.

तर पहिल्या वेळेची गोष्ट. तो केंद्रातून आला तेव्हा तोंडावर तेज होतं. वजन वाढलेलं, डोळे स्वच्छ, हात थरथरत नव्हते. सासूने त्याला ओवाळलं आणि त्याच आठवड्यात चिंचेखाली सगळ्यांना गोळा केलं. ती तेव्हा धडधाकट होती. आयुष्यभर त्या घरात तिने आधी नवऱ्याच्या आणि मग मुलांच्या मित्रांसाठी चकणा तळला. बोंबील, सुकट, कलेजी, जे असेल ते. पण स्वतः थेंब कधी चाखला नाही. त्या दिवशी मात्र बाटली तिनेच पदराखालून काढली. भगताने धार सोडली. माझ्या लक्षात येईपर्यंत पेला त्याच्या ओठाला लागलेला होता. त्याने एकच घोट घेतला, हात जोडले आणि आईच्या पाया पडला. सगळ्यांचे डोळे भरून आले. मला मात्र तो पेला परत देताना त्याने आतून एकदा जीभ फिरवली ती दिसली.

त्यानंतर काय झालं ते सांगत बसत नाही. ज्यांच्या घरात झालंय त्यांना माहीत आहे, आणि ज्यांच्या घरात नाही त्यांना सांगून उपयोग नाही.

दुसऱ्या वेळी मी शहाणी झाले. सासूने पुन्हा नवस बोलला होता, पण तो परत आल्यावर मी त्याला चिंचेकडे फिरकू दिलं नाही. सासूशी भांडले, बेलवलीत भाड्याने वेगळी खोली घेतली. दिवाळी गेली, संक्रांत गेली. मग चुलत दिराच्या मुलाची हळद आली. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी, आणि मांडवामागे बसायची सोय वेगळी असतेच. तिथे त्याला कुणी आग्रह केला नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. त्याने स्वतःच हात पुढे केला.

खोली सोडून आम्ही पुन्हा सासूच्या घरी आलो, आणि तिला कारण सापडलं. “देवाला बोललेला फेडाला लागतं, बाय. तू फेडू दिला नाय, म्हनून जाला.” झालं. पहिल्या वेळी नवस फेडला म्हणून तो पडला ही माझी खात्री, दुसऱ्या वेळी फेडला नाही म्हणून पडला ही तिची. दोघींकडे पुरावा होता आणि दोघींच्या मधे तो अंगणात बिनचपलेचा झोपलेला असायचा. मग मला न सांगता ती पुन्हा त्या दगडापुढे जाऊन बोलून आली. या वेळी दोन बाटल्या.

तिसऱ्यांदा तो परत आला तेव्हा मी पडदे बदलले नाहीत.

पण या वेळी तो टिकला. का टिकला ते मला माहीत नाही. समुपदेशकांनाही माहीत नसावं, विचारलं तर म्हणायचे, “आज टिकलाय ना? बस.” सकाळी तो दिराच्या रेती-विटांच्या धंद्यावर बसायचा, संध्याकाळी अंबरनाथला एका शाळेच्या वर्गात त्याच्यासारख्यांची मीटिंग भरते तिथे जायचा. केंद्रात पाळीने स्वयंपाक करावा लागतो, त्यामुळे लग्नानंतर कधी चहाचा कप न उचललेला माणूस चपात्या करायला शिकून आला होता. जाड करायचा, पण गोल. मी शिफ्टवरून यायचे तेव्हा डब्यात त्या असायच्या. आनंद व्हायला हवा होता. मला त्या डब्याजवळ बसल्या बसल्या झोप यायची. कॉलेजात जाणारी लेक म्हणाली, “आई, तू आता तरी हस की.” मी म्हटलं, “हसायला पण जोर लागतो, बाळा.”

भावकी नाराज झाली. तो हळदीला जाईना, बारशाला बसेना. बरा झाला तर याला शिंगं फुटली म्हणून बोलू लागले. पीत होता तेव्हा गटारातून उचलून आणायचे, पण तेव्हा तो त्यांचा होता.

अशात सासू मोरीत पडली. खुबा मोडला, ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर ती अंथरुणालाच खिळून राहिली. पडल्या पडल्या तिला एकच ध्यास लागला. नवस राहिलाय. आपण मेलो की देव पोराच्या मानगुटीवर बसेल. मी तिचं अंग पुसायला जायचे तेव्हा ती माझं मनगट धरायची. “तू नको म्हनू नको गो बाय. मना नवसातून सुटू दे.” मला तिचा राग यायचा आणि दयाही यायची, आणि दोन्ही एकदम यायला लागली की मी बादली उचलून बाहेर जायचे.

एका रविवारी जेवताना तोच म्हणाला, “फेडून टाकू. आईचा जीव अडकलाय.”

“आणि पेला?” मी विचारलं.

“बघू.”

आमच्या घरात जे जे वाटोळं झालं त्याची सुरुवात ‘बघू’ने झाली आहे. मी ताट तसंच ठेवून उठले.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट संपल्यावर सरळ केंद्रात गेले. समुपदेशकांनी सगळं ऐकलं. दोन बाटल्यांचं ऐकून हसले, मग चष्मा काढून पुसू लागले. म्हणाले, “माताजींना समझावू नका. या वयात कोणी समझत नाही. देवाला देऊ दे, बिलकुल देऊ दे. भगवान पिएगा तो उसका कुछ नहीं बिगड़ता. याचं बिगडतं. पहिला घूंट नको साईं, बस. ओठाला पण नको.”

“आणि तो म्हणाला बघू, तर?”

“तर तुम्ही काय करणार?” ते म्हणाले. “हात धरणार? किती दिवस?”

मला वाटलं होतं ते काहीतरी उपाय सांगतील. त्यांनी चहा सांगितला.

मग उपाय मीच काढला. भगताकडे गेले. भगत म्हणजे कंपनीतून रिटायर झालेला, सासऱ्यांच्या भावकीतला माणूस. म्हटलं, काका, धार दारूची सोडा, पेल्यात मात्र शहाळ्याचं पाणी ओता. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या देवाला लाच देऊ पाहत होते. “बाय, देव काय येडा हाय? बाटली बोलली तर बाटलीतलाच. आनि घोट ज्याच्या नावाचा त्यानीच. नायतर जी बोलली तिनी. तिसऱ्या मानसाचा काम नाय.”

त्या बोलण्यातला अर्धा भाग मी तिथेच सोडून आले. सासू अशी होती की सर्दीला कुणी ब्रँडी चोळायला आणली तरी तोंड फिरवायची. तिचा विचारही माझ्या मनात आला नाही. मला त्याचाच पेला दिसत होता.

ठरलेल्या रविवारी सकाळी आम्ही सासूला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि दोन भावांनी ती खुर्ची उचलून चिंचेखाली नेली. ऊन चढलं होतं. सोसायटीच्या वॉचमनने स्टूल आणून दिलं. या वेळी माणसं कमी होती, दोन बाटल्या आहेत हे माहीत असूनही कमी. माझ्या नवऱ्याच्या नवसावरचा लोकांचा विश्वास उडाला होता. कोंबडा झाला. भगताने दगडावर धार सोडली, तापलेल्या शेंदरावरून ती ओघळली आणि तो वास आला. मी नाकाला पदर लावला नाही. मी त्याच्याकडे बघत होते.

त्याचे हात मागे बांधलेले होते, शाळेत उभं केल्यासारखे. भगताने स्टीलचा पेला भरून पुढे केला.

“मी नाय घेनार,” तो म्हणाला. एवढं हळू की भगताला दोनदा विचारावं लागलं.

“परसाद हाय रे.”

“ओठाला लाव नुसता,” दीर म्हणाला. “वहिनी, सांगा की तुम्ही पण. एका थेंबात काय होतंय?”

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. तो पेल्याकडे बघत होता. मी ती नजर ओळखते. आणि मग त्याचा उजवा हात मागून सुटला आणि हळूहळू पुढे येऊ लागला. नको म्हणायला येत होता की घ्यायला, ते मला आजही सांगता येणार नाही, आणि मी त्याला कधी विचारलेलं नाही. मला ओरडायचं होतं. पण आयुष्यभराचं ओरडून झालं होतं. मी मनातल्या मनात त्याची बॅग भरायला घेतली. इलॅस्टिकचा लेंगा, नवा पावडरचा डबा.

“इकडं आन,” सासू म्हणाली.

सगळे वळले. ती खुर्चीतून हात पुढे करून बसली होती. “मी बोललेली. मीच घेतंय. आन.”

भगत घुटमळला, पण नियम त्याचाच होता. त्याने पेला तिच्याकडे दिला. तिने तो दोन्ही हातांनी धरला, एकदा मुलाकडे पाहिलं, डोळे गच्च मिटले आणि काढा प्यावा तसा सगळा पेला एका दमात घशाखाली घातला. घोट नाही, सगळा. मग तिला ठसका लागला. तोंड वेडंवाकडं झालं, डोळ्यांतून पाणी आलं. बराच वेळ ती नुसती जीभ बाहेर काढून बसली. आणि मग रिकाम्या पेल्यात बघत म्हणाली, “या कडू पान्यापायी?”

भगताने पेला परत घ्यायला हात पुढे केला.

“या असल्या कडू पान्यापायी रे?” तिने पुन्हा विचारलं. या वेळी त्याच्याकडे बघून. रागाने नाही. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. एवढी वर्षं तिने ज्याच्यासाठी बोंबील तळले, ज्याच्यामुळे नवरा गेला, शेत गेलं, पोर गटारात लोळलं, ते काहीतरी अमृतासारखं गोड असणार असंच बहुतेक तिने धरून ठेवलं होतं.

तो तिच्या पायाशी बसला.

बाकीची बाटली आणि न फोडलेली दुसरी दीर घेऊन गेला. आम्ही खुर्ची उचलून घरी आणली. उन्हामुळे असेल, उपाशी पोटामुळे असेल, घरी येईपर्यंत सासूचा चेहरा पांढरा पडला. ओटीवर टेकवतोय तोच तिला उमळून आलं. मी सवयीने धावले. हे माझं काम. कपाळ कसं धरायचं, पदर कसा बाजूला घ्यायचा, पाठीवर हात कुठे फिरवायचा, मला झोपेतही येतं. पण मी पोचायच्या आत त्याने तिचं कपाळ आपल्या तळव्यात धरलं होतं. दुसऱ्या हाताने तो पाठीवरून खाली-वर फिरवत होता, बरोबर मी त्याला फिरवायचे तसा. “होऊ दे, आई. निघू दे सगळा,” म्हणत होता. तेही माझंच वाक्य होतं. एवढ्या वर्षांत त्याला त्यातलं काही आठवत असेल असं मला वाटलं नव्हतं.

ती थांबल्यावर त्याने मान वर केली. “असाच वास यायचा?” त्याने मला विचारलं.

“असाच,” मी म्हटलं.

तो उठून पाण्याचा तांब्या आणायला आत गेला. येताना फडका आणि बादली घेऊन आला आणि ओटी पुसायला लागला. मी मधेच उभी होते, हात पुढे केलेले, पण हातात काहीच नव्हतं. या घरात कुणी ओकत असताना माझे हात रिकामे असण्याची ती पहिलीच वेळ. त्यांचं काय करायचं ते मला कळेना. मग मी भिंतीला टेकून खाली बसले, आणि तो पुसत होता तोवर बसूनच राहिले.